चीफ केमिस्टनं ४१ व्या वर्षी एमबीए करावं का?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट आहे. वय ४१. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शुगर टेक्नॉलॉजी केलं. लॅब केमिस्ट म्हणून लागलो, आज १८ गाळप हंगाम झाले. गेल्या वर्षी आमचे जनरल मॅनेजर निवृत्त झाले. ती जागा मला मिळणार असं सगळेच धरून चालले होते. संचालक मंडळानं बाहेरून ३४ वर्षांचा, एमबीए झालेला माणूस आणला. अध्यक्ष मला म्हणाले, “तुमचं टेक्निकल चांगलं आहे हो, पण मॅनेजमेंटचं शिक्षण नाही.” तेव्हापासून धड झोप नाही. आयआयएमच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची माहिती काढली, फी ३० लाखांच्या पुढे आहे. ऑनलाइन एमबीएवाल्यांचे रोज फोन येतात. पुण्यात शनिवार-रविवारचे वर्गही आहेत. माझा पगार वर्षाला १० लाखांच्या आसपास, घराचं कर्ज अजून ९ लाख बाकी. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलगी यंदा दहावीला. पत्नी म्हणते, आधी राग शांत होऊ द्या, मग फॉर्म भरा. मला वाटतं, आता नाही तर कधीच नाही. काय करू?
– र. पा., सांगली जिल्हा

उत्तर

र. पा., वहिनींचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या बरोबर आहेत, पण अर्ध्याच. राग शांत झाल्यावर फॉर्म भरा, इथपर्यंत बरोबर. कोणता फॉर्म, हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

माझी ओळख थोडी सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. मी २६ वर्षं एका सहकारी बँकेच्या साखर कर्ज विभागात होते. कारखान्यांचे पूर्वहंगामी कर्जाचे, माल तारणाचे म्हणजे साखर गहाण ठेवून घ्यायच्या कर्जाचे, डिस्टिलरीच्या विस्ताराचे प्रस्ताव माझ्या टेबलावर यायचे. ३८ व्या वर्षी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना बसले आणि ३ वर्षांनी फायनान्समधली पदव्युत्तर पदवी घेतली. त्यामुळे या वयात पुन्हा वही उघडताना काय होतं, ते मला माहीत आहे. आणि चीफ केमिस्ट बँकेच्या बैठकीत कुठे बसतो, हेही मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तो भिंतीजवळच्या खुर्चीत बसतो, मांडीवर फाइल घेऊन.

एक बैठक माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. साखरेचे भाव उतरले होते, तारण साखरेचं मूल्यांकन खाली आलं होतं आणि कारखान्याचं खातं शॉर्ट मार्जिनमध्ये गेलं होतं, म्हणजे तारण कर्जाला पुरेनासं झालं होतं. गोदामात ५ लाख क्विंटल साखर पडलेली. क्विंटलमागे १०० रुपये भाव उतरला की तारणाची किंमत ५ कोटींनी कमी होते, उचललेलं कर्ज मात्र तेवढंच राहतं. कार्यकारी संचालक आकड्यांत अडखळत होते. त्यात त्या कारखान्याच्या साखरेला आजूबाजूच्या कारखान्यांपेक्षा कमी भाव मिळत होता, तो का, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. बैठक संपल्यावर जिन्यात चीफ केमिस्ट मला म्हणाले, “मॅडम, रंग बिघडलाय. सल्फिटेशनचा, म्हणजे गंधकाच्या धुरानं रस साफ करण्याचा प्रॉब्लेम आहे, पंधरा दिवसांत सुटतो.” मी विचारलं, मग आत का नाही सांगितलंत? ते म्हणाले, “तिथं पैशाचं चाललं होतं.”

तुमचं पत्र वाचताना मला ते जिन्यातले गृहस्थच आठवले. अध्यक्षांच्या वाक्यातलं ‘मॅनेजमेंटचं शिक्षण’ खरं कारण असेल किंवा नसेल. संचालक मंडळाच्या निवडीमागे काय काय असतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. पदवी हे पुष्कळदा सांगायला सोपं असलेलं कारण असतं. तेवढ्यावरून ३० लाखांचा निर्णय घेऊ नका. पण जिन्यातल्या त्या वाक्यात जी उणीव आहे ती खरी आहे. तुमच्यात ती किती आहे, हे तुम्ही स्वतः तपासायला हवं.

तपासायचं कसं, ते तुमच्याच आकड्यांत सांगते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरली. एका टनातून १०२.५ किलो साखर. म्हणजे किलोभर साखरेत नुसता ऊसच ३४ रुपये ६० पैशांच्या वर बसला. त्यात तोडणी-वाहतूक आली, पण कामगारांचा पगार, केमिकल, देखभाल, बारदान, व्याज अजून यायचंच आहे. आणि साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरला, त्यानंतर एफआरपी जवळजवळ दर वर्षी चढत गेली तरी तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला. बाजारभाव ३१ च्या वर असतो आणि मळी, बगॅस (उसाचा चोथा), वीज, इथेनॉल यांचे पैसे येतात, म्हणून कारखाना उभा राहतो. शिवाय गाळपाचे पैसे शेतकऱ्याला १४ दिवसांत द्यायचे असतात आणि साखर विकली जाते वर्षभर. मधल्या काळाचं व्याज कोण भरतं? कारखान्याचं अर्धं मॅनेजमेंट या एका प्रश्नात आहे.

आता तुमच्या बाजूनं बघा. ८ लाख टन गाळपात उतारा ०.१ टक्क्यानं वाढवलात, तर ८०० टन साखर जास्त निघाली. ३१ रुपयांनीच धरली तरी २ कोटी ४८ लाख रुपये. पॅनमननं, म्हणजे पॅनमध्ये साखर शिजवणाऱ्यानं, काचेवर घेतलेला दाणा बघून स्ट्राइक, म्हणजे शिजलेली खेप, कधी सोडायचा, हे तुम्हाला कळतं. ते एमबीएच्या कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. प्रश्न एवढाच आहे, की हे अडीच कोटी ताळेबंदात कुठे दिसतात, त्यातून एफआरपीचा वाढीव हिस्सा किती जातो, आणि तेवढ्यासाठी नवं मशीन घ्यायचं तर कर्ज किती वर्षांत फिटेल, हे तुम्ही मंडळासमोर दहा मिनिटांत मांडू शकता का? मांडू शकत असाल, तर तुम्हाला शिकायचं फार थोडं आहे. नसाल, तर तेवढंच शिकायचं आहे.

यासाठी आयआयएमचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम नको, असं माझं स्पष्ट मत आहे. अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता इथले हे अभ्यासक्रम उत्तम आहेत. २०१७ च्या कायद्यामुळे आयआयएमना आता पदवीही देता येते, पूर्वी पदविका मिळायची. पण ते प्रामुख्यानं क्षेत्र बदलणाऱ्यांसाठी आहेत. सॉफ्टवेअरमधून सल्लागार कंपनीत जायचंय, लष्करातून कॉर्पोरेटमध्ये यायचंय, अशांना ते वर्ष आणि ते कॅम्पस नवं दार उघडून देतं. तुम्हाला क्षेत्र बदलायचं नाही. तुमच्या पत्रात साखर सोडायची इच्छा एका ओळीतही दिसत नाही. शिवाय नोकरी सोडून वर्षभर जावं लागतं, त्याआधी बहुतेक ठिकाणी जीमॅट किंवा जीआरई या प्रवेशपरीक्षांची तयारी. हिशेब करा. ३० लाख १० टक्के व्याजानं १० वर्षांसाठी घेतले तर महिन्याला ३९,६०० रुपयांचा हप्ता, एकूण ४७ लाखांच्या वर. त्यात बुडालेला वर्षाचा पगार. घराचं कर्ज चालूच. आणि मुलीची बारावी, कॉलेज नेमकं त्याच वर्षांत. परत आल्यावर सहकारी कारखाना तुम्हाला किती पगार देणार, हे तुम्हाला माहीत आहे. तो हप्ता त्या पगारातून निघत नाही.

नोकरीतल्या माणसानं नोकरी न सोडता शिकावं, ही कल्पना मुळात जुनी आहे. शिकागो विद्यापीठानं १९४३ मध्ये असा एमबीए सुरू केला. आपल्याकडे १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज संस्था उभी राहिली. तिथेही दिवसा कंपनीत आणि संध्याकाळी वर्गात बसून अनेकांनी पदव्या घेतल्या. मी शिकले त्या संध्याकाळच्या वर्गात पोर्ट ट्रस्टचे इंजिनिअर होते, औषध कंपनीतले एक केमिस्ट होते, एलआयसीतल्या दोघी होत्या. शिक्षकांइतकंच मी त्यांच्याकडून शिकले. औषध कंपनीतल्या केमिस्टनं मला कॉस्टिंग समजावलं, मी त्यांना कर्जमंजुरीची नोट वाचायला शिकवलं. म्हणून शनिवार-रविवारच्या वर्गांबद्दल मला फार आस्था आहे. तुम्ही पुण्यात राहत असता आणि कुठल्याही दुसऱ्या धंद्यात असता, तर मी तेच सुचवलं असतं.

पण तुमचा धंदा हंगामाचा आहे. याचा विचार तुम्ही पत्रात केलेला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. नोव्हेंबरात मोळी पडून गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, तुम्हाला शनिवार-रविवार उरत नाही. रात्री दोनला फोन येतो, बॉयलरचं प्रेशर उतरलंय, पॅन थांबलेत. त्या पाच महिन्यांत दर शनिवारी सांगलीहून पुण्याला जाणं तुम्हाला जमणार नाही. जमवायला गेलात तर पहिला फटका उताऱ्याला बसेल, दुसरा घराला. आणि पहिल्या सत्राची परीक्षा साधारण डिसेंबर-जानेवारीत येते, म्हणजे ऐन गाळपात. हजेरीची अट असलेला कुठलाही अभ्यासक्रम इथेच बाद होतो.

मग उरतो ऑनलाइन किंवा दूरस्थ एमबीए. तुमच्यासाठी तोच योग्य, आणि त्यात कमीपणा मानू नका. विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असेल, तर ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. आयोगानं २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. मान्यता विद्यापीठागणिक, अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते, ती स्वतः उघडून बघा, फोनवरच्या मुलाच्या शब्दावर जाऊ नका. इग्नू १९८५ पासून आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. या दोन्हींचा खर्च तुमच्या आवाक्यातला आहे, कर्ज काढायची गरज नाही. खासगी विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम त्यापेक्षा महाग, पण शिकवण्याची सोय पुष्कळदा चांगली. निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: डिसेंबरची परीक्षा चुकली तर तो पेपर पुढच्या वेळी कोणत्या अटीवर देता येतो, आणि पदवी पूर्ण करायला जास्तीत जास्त किती वर्षं मिळतात? दोन वर्षांचा अभ्यासक्रम तुम्ही तीन वर्षांत करणार आहात, असं आजच धरून चला. प्रवेश जुलैच्या सत्रात घ्या, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर तुमच्या हातात राहतात.

स्पेशलायझेशन फायनान्स घ्या. ऑपरेशन्स घेऊ नका. मला माहीत आहे, ते सोपं जाईल आणि मार्क चांगले पडतील. पण १८ हंगाम तुम्ही तेच केलंय.

एक गोष्ट मात्र फॉर्म भरण्याच्या आधी करा. तुम्हाला जनरल मॅनेजर व्हायचंय की पुढे कार्यकारी संचालक? सहकारी कारखान्यांच्या कार्यकारी संचालकपदासाठी राज्यात परीक्षा घेऊन पात्र उमेदवारांची यादी केली जाते. मागच्या वेळची जाहिरात मिळवा आणि त्यातली शैक्षणिक पात्रता आणि अनुभवाची अट शब्दन् शब्द वाचा. कदाचित तुमच्या आजच्या शिक्षणावरच तुम्ही बसत असाल. कदाचित विशिष्ट पदवीच लागत असेल. दोन्ही बाबतीत तुमचा निर्णय बदलतो. पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेत सहकारातल्या अधिकाऱ्यांसाठी छोटे प्रशिक्षण वर्ग होतात, तिथेही चौकशी करा. तिथल्या वर्गात शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या कारखान्याचा चीफ अकाउंटंट बसलेला असू शकतो, आणि त्याच्याशी जेवणाच्या सुट्टीत झालेलं बोलणं एका विषयाच्या पुस्तकाइतकं मोलाचं ठरू शकतं.

आणि प्रवेशाच्याही आधीचं काम. तुमच्या कारखान्याचे मागच्या ५ वर्षांचे वार्षिक अहवाल घ्या. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेआधी सभासदांना वाटतात तेच. तुम्ही आजवर त्यात गाळप, उतारा, आणि आपल्या विभागाचा परिच्छेद बघितला असेल. आता ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक बघा. माल तारण कर्जाचा आकडा आणि शिल्लक साखरेचं मूल्य शेजारी शेजारी लिहा, पाचही वर्षांचं. व्याजाचा खर्च एकूण उत्पन्नाच्या किती टक्के आहे, ते काढा. इथेनॉलचं उत्पन्न वेगळं करा. २०२३ च्या डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आणलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते उठवलं. तुमच्या कारखान्यानं डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेलं असेल, तर त्या वर्षीच्या आकड्यांत त्याचा ओरखडा दिसेल. अडलात की चीफ अकाउंटंटकडे जा. तुम्ही त्यांच्याकडे शिकायला गेलात, तर त्यांना अतिशय बरं वाटेल. आमच्या टेबलापलीकडच्या अकाउंटंट लोकांना मी ओळखते. त्यांना कुणी काही विचारत नाही, फक्त सह्या मागतात.

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेला उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता, आणि ते कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. उसाचं ज्ञान आणि पैशाचं ज्ञान एकाच टेबलाला बसलं होतं. आज बऱ्याच कारखान्यांत हे दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. तुमच्यासारख्या माणसानं दुसऱ्या खोलीत जायला शिकावं, असं मला फार मनापासून वाटतं. त्यात कारखान्याचं भलं आहे, उसवाल्यांचंही आहे.

त्या ३४ वर्षांच्या साहेबांबद्दल तुम्ही पत्रात काही वाईट लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्याबद्दलचा आदर वाढला. त्यांना पॅन हाऊस कळत नसणार. या हंगामात एखाद्या पाळीला त्यांना बरोबर घेऊन फिरा, ज्यूसपासून साखरेचे दाणे वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्रापर्यंत. मग त्यांना बँकेची नोट समजावून मागा. मोकळेपणानं मागा. बहुतेक माणसं देतात.

वयाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘आता नाही तर कधीच नाही’ यात ते आलंच. ४१ व्या वर्षी तुमच्याकडे नोकरीची १७ वर्षं धरा, कारखान्यातलं निवृत्तीचं वय बघून एखादं वर्ष इकडे तिकडे. पुढच्या जुलैत प्रवेश घेतलात तर ४५ व्या वर्षापर्यंत पदवी हातात असेल आणि तिचा उपयोग करायला एक तपाहून जास्त काळ. एक वर्ष थांबल्यानं काही निसटत नाही. मार्चमध्ये मुलीची बोर्डाची परीक्षा आणि तुमचा हंगामाचा शेवट एकत्र येतोय. त्या दिवसांत घरी दुसरा विद्यार्थी नको. तिचा निकाल लागला, की प्रवेशाची सत्रं सुरू होतात. दोघांनी एकदमच फॉर्म भरा.

रोज येणाऱ्या फोनबद्दल. ही मंडळी बहुधा विद्यापीठाची नसतात, मधल्या कंपनीची असतात. ‘आज भरलं तर सवलत’ असं म्हणाले की फोन ठेवा. परदेशी विद्यापीठाचं नाव जोडून कमी काळात पदवी देऊ म्हणाले, तर आयोगानं २०२३ च्या डिसेंबरात अशा अमान्य पदव्यांबद्दल इशारा दिला आहे, तो त्यांना वाचून दाखवा. ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम’ असं नाव असेल, तर शेवटी हातात पदवी येणार की नुसतं प्रमाणपत्र, हे लेखी विचारा. माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्यानं दोन वर्षं आणि दीड लाख रुपये घालवून असंच एक प्रमाणपत्र आणलं, बढतीच्या वेळी ते धरलं गेलं नाही. तो माणूस पुढे कित्येक महिने कँटीनमध्ये आमच्याबरोबर बसला नाही. फी भरताना पावती विद्यापीठाच्या नावाची घ्या. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणून मोबाइलवर सही मागितली तर थांबा, ते अनेकदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं, आणि अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते चालू राहतात. सगळे कागद वहिनींना वाचायला द्या. त्यांनी एका वाक्यात तुमचं पत्र तुमच्यापेक्षा नीट वाचलं होतं.

पाच वर्षांचा तो तक्ता तयार झाला की मला पाठवा. कारखान्याचं नाव खोडून पाठवलात तरी चालेल. मी लाल पेननं खुणा करून परत पाठवीन.